ड्रॉइंग कोणत्या फाइलीत पाठवायचे: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज या कामाला रीतसर सुरुवात करत आहे. भोसरीतील आमच्या फॅब्रिकेशन शॉपमधून दर आठवड्याला कितीतरी ड्रॉइंग बाहेर जातात. काही लेझर कटिंगला, काही फाउंड्रीसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बनवणाऱ्यांकडे, काही ग्राहकाच्या मंजुरीला, तर काही साइटवर जिना किंवा शेड उभी करणाऱ्या आमच्याच माणसांकडे. कोणाला कोणत्या प्रकारची फाइल द्यायची, याचा लेखी नियम आजवर नव्हता. समोरच्याने जे मागितले त्यात ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर धाडून द्यायचे, एवढीच पद्धत होती.

गेल्या आठवड्यात ही पद्धत अंगाशी आली. चाळीस स्पेसरची (दोन भागांत अंतर राखणाऱ्या रिंगांची) ऑर्डर होती: बाहेरचा व्यास ३० मिमी, आतला १६.५ मिमी, जाडी ५ मिमी. फाइल पाठवली, पाठोपाठ फोनवरून नग आणि मटेरियल सांगितले. दुपारी कटिंगवाल्यांच्या ऑपरेटरचा फोन आला. ‘मॅडम, तुम्ही स्पेसर म्हणालात, पण हे तर ट्रकच्या चाकाएवढे निघतायत. दोन कापून झालेत, मशीन थांबवलंय. काय करू?’ त्या दोन रिंगा आज शॉपमध्ये आणून मोजल्या. बाहेरचा व्यास ७६२ मिमी, आतला ४१९. दोन्ही आकड्यांना २५.४ ने भागले की ३० आणि १६.५ येतात. मिलिमीटरमध्ये काढलेले ड्रॉइंग त्यांच्या सॉफ्टवेअरने इंच समजून वाचले होते. दोन्ही रिंगांचे मिळून सुमारे २५ किलो लोखंड वाया गेले.

त्याच दिवशी त्याच फोल्डरमधून पंपाच्या बेडची ४२० × २६० ची प्लेटही पाठवली होती. ती १०,६६८ मिमी लांब झाली. कोणत्याच शीटवर मावेना, म्हणून त्यांच्याकडून लगेच विचारणा झाली आणि तिच्यापुरते निभावले. स्पेसर मात्र पंचवीस पट होऊनही १२५० × २५०० च्या शीटवर आरामात बसला, म्हणून तो कापला गेला. चूक दोन्ही फाइलींत एकच होती. जी शीटवर मावली तिने नुकसान केले.

साहेबांनी दोष कोणाचा हे विचारले नाही. पुन्हा होऊ नये यासाठी काय करायचे ते लिहून काढा, इतकेच सांगितले. त्यासाठी ही वही.

७ जानेवारी

मूळ फाइल तपासली. ती डीएक्सएफ आहे, म्हणजे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात ड्रॉइंग नेण्याचा प्रकार. ही साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडता येते. आमच्यापैकी कोणीही इतक्या वर्षांत ती तशी उघडून पाहिली नव्हती, याचे आज मला आश्चर्य वाटले. फाइलभर ओळींच्या जोड्या असतात. पहिली ओळ संकेतांकाची, दुसरी त्याच्या किमतीची. संकेतांक ० आला की पुढच्या ओळीत वस्तूचे नाव येते, म्हणजे रेषा, वर्तुळ किंवा कंस. ८ नंतर लेयरचे (ड्रॉइंगमधल्या थराचे) नाव, १० आणि २० नंतर केंद्राचे दोन अक्षांवरचे स्थान, ४० नंतर त्रिज्या. आमच्या स्पेसरच्या फाइलीत ४० च्या खाली एकदा १५.० आणि एकदा ८.२५ लिहिलेले आहे. आकडे अगदी बरोबर आहेत. मात्र त्यांच्यापुढे मिलिमीटर, इंच असे काहीही लिहिलेले नाही, कारण या प्रकारात आकड्याला एकक चिकटवलेले नसतेच.

एकक कळण्याची एकच जागा सापडली. फाइलीच्या सुरुवातीच्या हेडर भागात ‘इनसयुनिट्स’ नावाचे एक चल असते. त्याची किंमत १ असेल तर इंच, ४ असेल तर मिलिमीटर, ६ असेल तर मीटर, आणि ० असेल तर एकक ठरवलेले नाही असा अर्थ होतो. आमच्या फाइलीत ती किंमत १ आहे. ड्राफ्टिंग करणाऱ्या मुलाने नवे ड्रॉइंग उघडताना ऑटोकॅड या आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा इंचांचा साचा निवडला, त्यात मिलिमीटर मनात धरून आकडे टाकले, आणि पडद्यावर सारे योग्यच दिसत राहिले. मेट्रिक कामासाठीचा साचा वेगळा असतो, त्याच्या नावात शेवटी ‘आयएसओ’ असते. या घोळाची सुरुवात या दोन साच्यांच्या निवडीपाशी झाली.

थोडा इतिहासही नोंदवून ठेवते, कारण त्यावरून या प्रकाराचा स्वभाव कळतो. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली आणि डीएक्सएफ तिच्याच बरोबर आला. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची स्वतःची डीडब्ल्यूजी फाइल बंदिस्त, म्हणजे तिची आतली रचना कंपनीने जाहीर केलेली नाही. डीएक्सएफची रचना मात्र छापून सर्वांना दिली, जेणेकरून इतर प्रोग्रामांनाही ड्रॉइंग वाचता यावे. चाळीस वर्षांहून अधिक काळ कटिंगची यंत्रे, राउटर, प्लाझ्मा, सगळी याच भाषेत बोलत आली आहेत ती यामुळे.

९ जानेवारी, गुरुवार

आज सुटी, शॉप बंद. तरीही घरी बसून जुन्या फाइलींचा एक गठ्ठा तपासला.

डीडब्ल्यूजी फाइल मजकुराची नसते, नोटपॅडमध्ये उघडली तर अगम्य चिन्हे दिसतात. तरी तिची पहिली सहा अक्षरे स्वच्छ वाचता येतात आणि त्यांतच आवृत्ती सांगितलेली असते. एसी१०१५ म्हणजे २००० ची रचना, एसी१०१८ म्हणजे २००४ ची, एसी१०२१ म्हणजे २००७ ची, एसी१०२४ म्हणजे २०१० ची, एसी१०२७ म्हणजे २०१३ ची आणि एसी१०३२ म्हणजे २०१८ ची. ऑटोकॅडची नवी आवृत्ती दरवर्षी येते, पण फाइलीची रचना दरवर्षी बदलत नाही; २०१८ पासून २०२५ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या एसी१०३२ हीच रचना वापरतात. ग्राहकाची फाइल आपल्या जुन्या संगणकावर उघडत नाही तेव्हा ‘फाइल खराब आहे, पुन्हा पाठवा’ असे कळवण्याची आमच्याकडे सवय आहे. यापुढे आधी ही सहा अक्षरे पाहायची. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. आपलेच सॉफ्टवेअर तिच्यापेक्षा जुने असते.

अशा वेळी ओपन डिझाइन अलायन्सचा मोफत कन्व्हर्टर उपयोगी पडतो. ही संस्था १९९८ मध्ये ओपनडीडब्ल्यूजी अलायन्स या नावाने सुरू झाली. बंदिस्त डीडब्ल्यूजी वाचण्याची आणि लिहिण्याची सोय इतर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मिळावी, हा तिचा उद्देश होता. आज हा कन्व्हर्टर दोन संगणकांवर बसवला. एका फोल्डरमधल्या साऱ्या फाइली एकदम हव्या त्या आवृत्तीत बदलून मिळतात.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत असल्याने काम लवकर आटोपणार होते, म्हणून सकाळीच कटिंगवाल्यांकडे चाकणला जाऊन आले. त्यांच्या नेस्टिंगच्या, म्हणजे शीटवर तुकडे मांडण्याच्या, टेबलाशी तासभर बसले. इथे बसून जे कळले ते फोनवर कधीच कळले नसते.

पहिली गोष्ट एककांची. ते सगळ्यांकडून ‘आर१२ डीएक्सएफ’ मागतात, म्हणजे ऑटोकॅडच्या १९९२ सालच्या आवृत्तीची रचना. मी कारण विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते: ही रचना सर्वांत साधी आहे आणि त्यांच्याकडची दोन्ही यंत्रे ती न अडखळता वाचतात. यात एक मेख आहे. ‘इनसयुनिट्स’ हे चल ऑटोकॅड २००० मध्ये आले, त्यामुळे आर१२ च्या फाइलीत ते नसतेच. मी परवा शोधलेला दोष, ती १ ची किंमत, आर१२ मध्ये आपोआप नाहीशी होते हे खरे, पण तिच्याबरोबर एककाची माहितीही नाहीशी होते. मग मिलिमीटर की इंच हे वाचणाऱ्याच्या सेटिंगवर अवलंबून राहते. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मिलिमीटरवर ठेवलेले आहे, म्हणून आर१२ मधून कधी अडचण आली नाही. स्पेसरच्या वेळी आमच्याकडून नव्या रचनेची फाइल गेली, तिने स्वतःहून ‘मी इंचात आहे’ असे सांगितले आणि सॉफ्टवेअरने तिचे ऐकले. यंत्राचे काहीच चुकले नव्हते.

दुसरी गोष्ट वक्रांची, आणि ही मला अधिक गंभीर वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. आर१२ मध्ये वर्तुळ आहे, कंस आहे, पण लंबवर्तुळ आणि स्प्लाइन (मुक्त वळणाची रेघ) नाहीत. ती दोन्ही आर१३ मध्ये आली. ड्रॉइंगमध्ये स्प्लाइन असेल आणि आपण आर१२ मध्ये सेव्ह केले, तर प्रोग्राम काही न विचारता तिचे लहान लहान सरळ तुकडे करतो. पडद्यावर ती रेघ गोलच भासते. कापलेल्या प्लेटच्या कडेवरून नख फिरवले की पैलू लागतात. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या जोडावर यंत्राचे डोके किंचित मंदावते, त्यामुळे कापायला वेळ जास्त लागतो आणि पातळ पत्र्याची कड जळते. त्यांनी आमच्याच एका जुन्या गार्डचा नमुना दाखवला, त्याच्या कडेवर हे पैलू स्पष्ट दिसत होते. आम्हाला ते तेव्हा कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. ११० मिमी व्यासाचा बोअर (गोल भोक) ३६ सरळ तुकड्यांत मोडला, तर प्रत्येक तुकड्याचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारे ०.२१ मिमी आत येतो. बेअरिंग बसवायच्या जागेसाठी हा फरक फार मोठा आहे. तुकडे १४४ केले तर हाच फरक ०.०१३ मिमीवर येतो. सुदैवाने बोअरसाठी आम्ही वर्तुळच वापरतो आणि वर्तुळ आर१२ मध्ये वर्तुळच राहते. लंबगोल स्लॉट आणि फुगीर कडा यांची मात्र आजवर कोणी तपासणी केलेली नाही. यापुढे अशा कडा शक्य तिथे कंसांनी जोडून काढायच्या. कंस टिकतो. पॉलिलाइनमधील (सलग जोडलेल्या रेघेतील) कंसही टिकतो, कारण तिथे संकेतांक ४२ मध्ये त्याचा फुगवटा आकड्याने लिहिलेला असतो: कंसाच्या कोनाचा चौथा भाग घेऊन त्याचा टॅन्जंट. अर्धवर्तुळाचा चौथा भाग ४५ अंश, म्हणून तिथे बरोबर १ येतो. हे फाइलीत स्वतः शोधून पाहिले, आणि खरोखरच १.० सापडले.

१५ जानेवारी

बेंडच्या ब्रॅकेटची फाइल घेऊन बसले. या फाइलीत दोन स्वतंत्र दोष निघाले.

पहिला असा की वाकवण्याच्या जागेची रेघ कापण्याच्याच लेयरवर होती. कटिंगच्या यंत्राला रेघेचा हेतू कळत नाही. लेयर किंवा रंग पाहून ते ठरवते की कापायचे, हलके खोदायचे की सोडून द्यायचे. ही फाइल तशीच गेली असती तर ब्रॅकेटचे वाकवण्याआधीच दोन तुकडे झाले असते. चाकणला त्या लोकांनी सांगितले होते की त्यांचे सॉफ्टवेअर लेयरच्या नावावर चालते. म्हणून आपण तीनच लेयर ठेवायचे ठरवले: कट, मार्क आणि माहिती. मापाच्या रेघा, मध्यरेषा, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट) हे सगळे ‘माहिती’ लेयरवर ठेवायचे आणि पाठवण्यापूर्वी काढून टाकायचे.

दुसरा दोष समजायला अर्धा दिवस गेला. आमच्या ऑटोकॅडमध्ये ब्रॅकेट नीट दिसतो, पण दुसऱ्या एका साध्या प्रोग्राममध्ये उघडला तर कोपऱ्यांचे गोलवे भलत्याच बाजूला जाऊन पडतात आणि सरळ रेषा जागच्या जागी राहतात. फाइल मजकुरात उघडून प्रत्येक कंसाच्या ओळी वाचल्या, तेव्हा संकेतांक २३० च्या खाली उणे १ दिसला. हे तीन संकेतांक, २१०, २२० आणि २३०, ती वस्तू कोणत्या दिशेने पाहायची ते सांगतात. शीट मेटलचा फ्लॅट पॅटर्न, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट आकार, आम्ही त्रिमितीय मॉडेलच्या खालच्या बाजूने घेतला होता, म्हणून दिशा उलटी नोंदली गेली. डीएक्सएफमध्ये सरळ रेषेचे बिंदू मूळ अक्षांवर लिहिलेले असतात, तर कंस आणि वर्तुळ यांचे बिंदू त्या वस्तूच्या स्वतःच्या अक्षांवर. वाचणाऱ्या प्रोग्रामने ती दिशा लक्षात घेतली नाही की रेषा जागेवर राहतात आणि कंस आरशात पाहिल्यासारखे उलटतात.

यावर उपाय सोपा आहे: पॅटर्न वरच्या बाजूने घ्यायचा, आणि पाठवण्यापूर्वी फाइल आपल्या प्रोग्रामव्यतिरिक्त आणखी एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून पाहायची. त्यासाठी लिबरकॅड बसवले आहे; ते मोफत आहे आणि हलके आहे. ज्या प्रोग्रामने फाइल लिहिली त्याच प्रोग्रामने ती बरोबर दाखवली, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

एकावर एक आलेल्या रेघा आणि न जुळलेली टोके यांबद्दल थोडक्यात लिहिते. दुहेरी रेघ असेल तर यंत्र त्याच जागी दोनदा कापते. टोके जुळलेली नसतील तर आकार बंद धरला जात नाही. ‘ओव्हरकिल’ आणि ‘जॉइन’ या दोन आज्ञांनी दोन्ही दोष निघतात. फाइल पाठवणाऱ्याने त्या चालवायच्याच.

१७ जानेवारी

मराठी मजकुराचा प्रश्न. आमच्या ड्रॉइंगवर शॉपमधल्या माणसांसाठी सूचना मराठीत असतात: ‘वरची बाजू’, ‘इथे वेल्डिंग करू नये’, ‘बर काढावा’. आमच्या संगणकावर त्या नीट दिसतात. साइटवरच्या लॅपटॉपवर त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो.

कारण दोन आहेत. जुन्या ड्रॉइंगमध्ये युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे देवनागरी फॉन्ट वापरलेले आहेत. त्यांत ‘व’ हे अक्षर साठवलेलेच नसते, एखाद्या रोमन अक्षराच्या जागी ‘व’ चे चित्र बसवलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळचे रोमन अक्षर उघडे पडते. ड्रॉइंगबरोबर फॉन्ट जात नाही, फॉन्टचे फक्त नाव जाते. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टांबाबतही हेच होते, न सापडल्यास त्यांच्या जागी दुसरा वापरला जातो आणि अक्षरांची रुंदी बदलून मजकूर चौकटीबाहेर येतो.

नव्या ड्रॉइंगमध्ये युनिकोड फॉन्ट आहे, तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही. २००७ पासूनच्या डीएक्सएफमध्ये मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवला जातो, म्हणजे देवनागरी जशीच्या तशी राहते. त्याआधीच्या रचनेत सेव्ह केले की प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक लिहिला जातो. ‘वर’ हा शब्द नोटपॅडमध्ये पाहिला, तर ‘व’ साठी ०९३५ आणि ‘र’ साठी ०९३० असे आकडे दिसले. हा संकेत ओळखणारा प्रोग्राम पुन्हा अक्षरे दाखवतो, न ओळखणारा आकडेच दाखवतो.

माणसाने वाचायची सूचना यंत्राच्या फाइलीत ठेवूच नये, असे आज माझे मत पक्के झाले. ती पीडीएफमध्ये द्यावी, कारण पीडीएफ तयार करताना फॉन्ट फाइलीच्या आतच बसवता येतो. साइटवर ‘इथे वेल्डिंग करू नये’ ही ओळ वाचता आली नाही तर काय होऊ शकते, हे मी इथे निराळे लिहीत नाही.

२० जानेवारी

एका आर्किटेक्टकडून जिन्यासाठी इमारतीचा प्लॅन आला. डीडब्ल्यूजी उघडली तर कॉलम आहेत, पण भिंती नाहीत. मूळ फाइलीत भिंतींचा प्लॅन ‘एक्सरेफ’ म्हणून जोडलेला होता, म्हणजे ती दुसरी स्वतंत्र फाइल होती आणि इथे तिचा फक्त पत्ता होता. तो पत्ता त्यांच्या कार्यालयातील सर्व्हरवरचा असल्याने आमच्याकडे काहीच दिसेना. त्यांना फोन करून ‘ई-ट्रान्समिट’ ने गोळा करून पाठवायला सांगितले. या आज्ञेने मूळ ड्रॉइंग, जोडलेल्या फाइली, फॉन्ट आणि प्लॉट स्टाइल (छपाईची सेटिंग) यांचा एकच गठ्ठा तयार होतो. दुपारी तो आला, तेव्हा कळले की जिन्याच्या लँडिंगजवळ एक भिंत आहे आणि आमचा रेलिंगचा खांब थेट तिच्यात जात होता.

आम्हीही कधी कधी एक्सरेफ वापरतो. बाहेर पाठवताना एक तर ‘बाइंड’ करून सारे एका फाइलीत घ्यायचे किंवा ई-ट्रान्समिट करायचे. सुटी डीडब्ल्यूजी कोणालाही पाठवायची नाही.

२४ जानेवारी

पंपाच्या केसिंगचे काम. इथे सपाट ड्रॉइंग पुरत नाही. पॅटर्न बनवणाऱ्यांना त्रिमितीय मॉडेल लागते. ग्राहकाने स्टेप फाइल दिली आहे. हे आयएसओ १०३०३ या मानकाचे लोकप्रचलित नाव, पहिले भाग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी याच कामासाठी आयजेस ही पद्धत होती. ती १९८० मध्ये अमेरिकेत तयार झाली आणि तिच्या ओळी ऐंशी अक्षरांच्या असतात, पंच कार्डाच्या मापाने. आयजेसमधून येणारे पृष्ठभाग पुष्कळदा सुटे असतात, कडा जुळवाव्या लागतात. स्टेपमधून बंद घन आकार येतो. ती फाइलही मजकुराची असते, आणि विशेष म्हणजे एकक तिच्या आतच लिहिलेले असते: ‘मिली’ आणि ‘मीटर’ हे दोन शब्द मी स्वतः त्या फाइलीत शोधून काढले. स्पेसरच्या प्रकरणानंतर ते पाहून फार बरे वाटले.

स्टेपमध्ये एक गोष्ट टिकत नाही, ती म्हणजे मॉडेल कसे घडले याचा क्रम. आधी चकती, मग बोअर, मग कडेचा गोलवा, हा वृत्तांत मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलीतच राहतो. स्टेपमध्ये फक्त शेवटचा आकार पोचतो. म्हणून गोलवा ५ चा ६ करायचा तर तो आकडा बदलून चालत नाही, ती पृष्ठे काढून पुन्हा घडवावी लागतात. ग्राहकालाही यात एक संरक्षण आहे, त्याची रचना करण्याची रीत बाहेर जात नाही. मला हा सौदा रास्त वाटतो.

पॅटर्नवाल्यांनी एसटीएल दिली तरी चालेल असे म्हटले होते, कारण त्यांच्याकडे आता थ्रीडी प्रिंटर आहे. मी नको म्हणाले. एसटीएल म्हणजे १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्सने आणलेली त्रिकोणांची यादी. तिच्या बायनरी फाइलीत ८० बाइटचे हेडर, ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या आणि मग दर त्रिकोणाला ५० बाइट, यापलीकडे काही नसते. वर्तुळ नाही, घन नाही, आणि एककही नाही. पुन्हा तोच खड्डा. प्रिंटरला शेवटी त्रिकोणच लागतात हे खरे, पण ते त्यांनी स्टेपवरून आपल्या यंत्राच्या क्षमतेप्रमाणे करून घ्यावेत. आम्ही आधीच मोडून दिलेला गोल पुन्हा जुळवता येत नाही.

बोलताना आणखी एक मुद्दा निघाला. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न सुमारे एक टक्का मोठा करतात. ही सूट मॉडेलमध्ये आधीच धरली आहे की पॅटर्नवाल्याने धरायची, हे कोणतीही फाइल सांगत नाही. दोघांनीही धरली किंवा दोघांनीही सोडली, तर ३०० मिमीच्या मापात ३ मिमीची चूक. मेलमध्ये स्पष्ट वाक्य लिहून पाठवले: ‘मॉडेल तयार कास्टिंगच्या मापाचे आहे, आकसाची सूट धरलेली नाही, मशीनिंगसाठी ठेवलेला ३ मिमी जादा थर मॉडेलमध्ये आहे.’ फोनवर त्यांनी ते परत वाचून दाखवले.

२८ जानेवारी

पीडीएफबद्दल. ही फाइल मोजण्यासाठी आहे असा समज साइटवर रुजलेला आहे, तो काढायला हवा. ए३ आकाराचे ड्रॉइंग ए४ कागदावर मावेल असे छापले, तर १०० मिमीची रेघ ७०.७ मिमी छापली जाते. ए४ वरच ‘फिट’ पर्यायाने छापले तरी दोन-चार टक्के लहान होते, आणि तेच जास्त घातक, कारण कोणाला शंकाच येत नाही. पीडीएफवर पट्टी लावायची नाही, लिहिलेले माप वाचायचे, ही सूचना टायटल ब्लॉकमध्ये ठळक मराठीत घातली. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी ५० मिमी लांबीची पट्टी काढली, छपाई नीट झाली की नाही हे त्यावरून लगेच कळते.

पीडीएफचे एक बलस्थान आहे: पाहणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसते. म्हणून वाद झाला तर पीडीएफवर लिहिलेले माप ग्राह्य धरायचे, असे साहेबांनी मान्य केले. हे वाक्य आता प्रत्येक परचेस ऑर्डरवर येईल.

३१ जानेवारी

नियमाचा पहिला मसुदा भिंतीवर लावला. सपाट कटिंगला आर१२ डीएक्सएफ आणि सोबत पीडीएफ. कास्टिंगला स्टेप आणि पीडीएफ. आर्किटेक्टला ई-ट्रान्समिटचा गठ्ठा. मंजुरीला आणि साइटला फक्त पीडीएफ. फाइलीच्या नावात पार्ट क्रमांक, बाहेरचे माप मिलिमीटरमध्ये, जाडी आणि आवृत्तीचे अक्षर असेल. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशी नावे बंद. नावात मापे घातल्याने आर१२ मध्ये हरवलेले एकक दुसऱ्या वाटेने पोचते. नेस्टिंगच्या टेबलावर बसलेल्याला नाव वाचतानाच ३० दिसते आणि पडद्यावर ७६२ दिसले तर तो थांबेल.

मुलांनी नाव लांब होते अशी तक्रार केली. ती खरी आहे. तरी नाव लांबच राहील.

३ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस स्पेसरची फाइल नव्या पद्धतीने पुन्हा पाठवली. मेट्रिक साचा, फक्त ‘कट’ लेयर, ओव्हरकिल चालवलेले, लिबरकॅडमध्ये तपासलेले, नोटपॅडमध्ये ४० च्या खाली १५.० आणि ८.२५ पाहिलेले, सोबत पीडीएफ. ऑपरेटरने कापण्याआधी स्वतःहून फोन केला. ‘मॅडम, पडद्यावर तीस मिमी दाखवतंय. नावातही तीस आहे. लावू का?’ लावा म्हणाले. संध्याकाळी नग आले. त्यांतल्या पाचांवर व्हर्नियर लावला. बाहेरचे माप २९.९ ते ३०.० च्या दरम्यान भरले.

दोन मोठ्या रिंगा पाण्याच्या टाकीच्या स्टँडसाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. जुन्या फोल्डरमध्ये इंचांच्या साच्यातून निघालेल्या आणखी किती फाइली आहेत हे अजून मोजायचे आहे. ‘इनसयुनिट्स’ ची किंमत एकेका फाइलीत पाहावी लागेल. उद्या सकाळी कन्व्हेयरच्या फोल्डरपासून सुरुवात.